आबांचे पुढचे दात

आबांच्या तोंडात सनईची पत्ती भिजायची आणि मग आमचं घर जागं व्हायचं. पत्ती म्हणजे ताडाच्या पानाचा नखाएवढा दुपदरी तुकडा, सनईच्या टोकाला बसवलेला. कोरडी असली की ती बोलत नाही. म्हणून आबा, माझे वडील, सकाळी चूळ भरून झाली की ती ओठांत धरून पडवीत बसायचे, आणि तसेच बसल्या बसल्या गोठ्यातल्या गुरांकडे, खालच्या धुक्याकडे बघत राहायचे. तेवढा वेळ त्यांच्याशी कुणी बोलायचं नाही, कारण त्यांना उत्तर देता यायचं नाही. आत आय फुंकणीने चूल पेटवत असायची. बाहेर आबांची फुंकर, आत आयची फुंकर, आणि मधे गोधडीत मी. मग एकदम, कुणीतरी लांबून हाक मारावी तसा पहिला सूर यायचा. तो मला झोपेत ऐकू यायचा की जागेपणी, हे अजून सांगता येत नाही. आताही महाडच्या घरात पहाटे अर्धवट जाग आली की मी तशीच पडून राहते. सूर काही येत नाही, डेपोतून सुटणाऱ्या पहिल्या गाडीचा आवाज येतो.

माझी मुलगी म्हणते, आठवणी म्हातारी माणसं लिहितात, तुझ्या केसांत तर मोजून चार पांढरे आहेत. तिचं बरोबर आहे. पण हे आत्ताच लिहून ठेवावंसं वाटतं, कारण आमच्या वाडीत आता फारसं कुणी राहत नाही आणि ज्यांना तो आवाज आठवतो ते एकेक करून कमी होत चाललेत. आमची वाडी कापड्याच्या वर. एस्टी कापड्यापर्यंत, पुढे पायवाट, ओढा, करवंदीच्या जाळ्या, आणि चढ संपता संपता पहिलं घर आमचं. थंडीत खालचं सगळं खोरं धुक्याने भरून जायचं. सावित्री दिसायची नाही, पोलादपूर दिसायचं नाही, डांबरी रस्ता दिसायचा नाही. गाडीचा हॉर्न तेवढा ऐकू यायचा, तोही कुठल्या बाजूने ते कळायचं नाही. मला लहानपणी खरंच वाटायचं की धुक्याखाली काही नाहीच, रोज ऊन पडलं की तिथे नव्याने गाव तयार होतं.

आबांचा खालू बाजा होता. दोन ढोल, एक टिमकी, झांज आणि आबांची सनई. मोठा ढोल नामदेवकाकांचा. ते आमच्या शेजारच्याच घरात राहायचे आणि आबांशी दिवसभर भांडायचे, फक्त वाजवताना त्यांचं पटायचं. लग्नसराईत त्यांना पाचाडपर्यंत बोलावणं यायचं. पण आबांना खरी ओढ शिमग्याची. शिमग्याला देवीची पालखी सहाणेवरून उठते आणि घरोघर जाते. सहाण म्हणजे देवळासमोरचा दगडी ओटा. आमच्याकडे रीत अशी की सनई बोलल्याशिवाय पालखी उचलायची नाही. खांदेकरी दांड्याला हात लावून वाकलेले, सगळी वाडी गप्प, मुंबईहून आलेली पोरंसुद्धा गप्प, आणि सगळ्यांचे डोळे आबांच्या फुगलेल्या गालांवर. पहिला सूर निघाला की पालखी वर. आबा एरवी चारचौघांत मागे उभे राहणारे. वर्षातला तो एक क्षण मात्र देवीसुद्धा त्यांच्यासाठी थांबायची, आणि हे त्यांना चांगलं ठाऊक होतं.

सनई ओठांनी वाजते असं बघणाऱ्याला वाटतं. आबा म्हणायचे, ओठ नुसते धरतात, जोर दातांचा असतो. पुढच्या दातांना ओठ टेकतो, त्या टेक्यावर पत्ती बसते, आणि मग दम पाहिजे तसा सोडता येतो. त्यांचे दात वाडीत नावाजलेले होते. आमच्या घरी भाताच्या तुसाची राखुंडी असायची, तिने ते इतका वेळ दात घासत बसायचे की आय म्हणायची, "भांडी पन घासा आता, हात लागलाच हाय तर." पण त्याच दातांना त्यांनी तिसऱ्या हातासारखं राबवलं. वेलीचा बंध आवळायचा तर दाताने, ऊस सोलायचा तर दाताने, सुतळी तोडायची तर दाताने. आमच्याकडचे सगळेच पुरुष हे करतात. एका लग्नात नामदेवकाकांच्या ढोलाची दोरी सैल झाली. मांडवात वेळ नव्हता, आबांनी दोरीचं टोक दातांत धरलं आणि मान मागे टाकून ओढलं. ढोल चांगला टणक झाला. वरचा पुढचा दात मात्र आतल्या आत काहीतरी बोलला, असं ते घरी आल्यावर म्हणाले. पुढे तो दात हळूहळू राखाडी पडत गेला, आणि त्याच्या दोन्ही बाजूंचे हलायला लागले.

त्या हिवाळ्यातली आमच्या घरातली जेवणं मला आठवतात ती त्या दाताभोवतीच. नाचणीची भाकरी आबांना चावेना. आय ती कुस्करून पेजेत घालायची, वर भाजलेल्या सुकटीचा चुरा. कुळथाचं पिठलं रोजचं झालं. आबा एका बाजूने जेवायचे, डोळे मिटून, आणि आम्ही दोघी आपापल्या ताटात बघत सावकाश चावायचो, आवाज होऊ नये म्हणून. कुरकुरीत काही खाणं आम्हांला अपराध वाटायला लागलं. लवंग झाली, मिठाचं पाणी झालं, कापूर झाला. आयने आपली मिसरी पुढे केली. तंबाखू भाजून केलेली ती पूड वाडीतल्या सगळ्या बायका हिरड्यांना लावतात. तिने थोडा वेळ बधिर वाटायचं. सकाळची सनई मात्र चालू होती. फक्त आता मधेच एखादा सूर तुटायचा, आणि त्या तुटलेल्या जागेत गोठ्यातल्या गाईच्या घंटेचा आवाज ऐकू यायचा.

पोलादपूरला गेलो तर सरकारी दवाखान्यातल्या सिस्टर म्हणाल्या, "दातांचं इथं नाही होत, महाडला जा." महाडला गेलो तर कळलं, दातांचे डॉक्टर मंगळवारी. मंगळवारी गेलो तर डॉक्टरांना दुसऱ्या तालुक्यात पाठवलेलं. वरून उतरायचं, कापड्याला गाडीची वाट बघायची, पोलादपूरला बदलायची, महाडला उतरून चालायचं, आणि दिवसभर बाकावर बसून परत तेच उलटं. आबा कुरकुर करायचे नाहीत. मला तर खोटं कशाला बोलू, ते प्रवास आवडायचे. मी बारावीला होते, आबांच्या शेजारी खिडकीत बसायला मिळायचं, आणि धुक्यातून गाडी जाताना रस्त्याकडेची झाडं एकेक करून पुढे यायची आणि पुन्हा विरघळायची. आबांच्या मांडीवर पिशवी, पिशवीत फडक्यात गुंडाळलेली सनई. दवाखान्यात ती कशाला, असं मी विचारलं तर म्हणाले, "घरात एकटी कशी ठेवू गो?"

मग भागीकाकी आली. ती आमच्या वाडीतली, बाळंतपणं करायची आणि दाताचा किडा काढायची. तिने आमच्या परसातल्या पपईचा लांब देठ कापून घेतला, आतून पोकळ असतो तो. काटेरिंगणीचं वाळलेलं बी तुपात कालवून लालभडक निखाऱ्यावर टाकलं, वर भोक पाडलेली करवंटी उपडी घातली, आणि त्या भोकात देठ बसवून दुसरं टोक आबांच्या तोंडात दिलं. खाली वाडग्यात पाणी. पडवीत तिरपं ऊन आलं होतं, धूर त्यात निळा दिसत होता. आबांच्या तोंडातून, नाकातून तो निघत होता आणि त्यांचे गाल सनई वाजवताना फुगतात तसेच फुगले होते. लाळेबरोबर वाडग्यात बारीक पांढरं काहीतरी पडलं. "बघ गो, बघ," भागीकाकी म्हणाली, "केवढाले किडे हायत!" आम्ही सगळ्यांनी वाकून बघितलं. आता मला माहीत आहे की उष्णतेने फुटलेल्या बियांमधले ते कोंब होते. पण तेव्हा ते किडेच होते, मी ते हलताना पाहिले होते, अगदी शपथेवर सांगितलं असतं. आणि दुखायचं थांबलं, हे तर खरंच.

चार दिवस आबा भाकरी खात होते. मंगळवार आला तेव्हा आय म्हणाली, "आज जायाचं ना म्हाडला?"

"कशाला? किडा तर गेला," आबा म्हणाले. "दुखत नसलेला दात घेऊन दवाखान्यात गेलो तं डॉक्टर हसंल."

त्या मंगळवारी डॉक्टर आले होते. हे आम्हांला पुढे कळलं. आमच्या वाडीत आजही हेच चालतं. दुखणं थांबलं म्हणजे दुखणं गेलं, आणि दुखत नसताना एवढं उतरून जायला कोण रिकामं आहे? मी त्यांना हसत नाही. डॉक्टर रोज, जवळ, हाकेच्या अंतरावर असता तर भागीकाकीच्या धुराला एवढा मान कुणी दिला नसता. पण दात आतून सडत राहिला. शिमगा जवळ आला तेव्हा एका सकाळी आबांचा चेहरा मला ओळखू आला नाही. वरचा ओठ नाकापर्यंत सुजला होता, एक डोळा अर्धा मिटला होता. पत्ती ओठांत धरायचा त्यांनी प्रयत्न केला आणि खाली ठेवली. त्या दिवशी आमच्या घराला सूर न ऐकताच उठावं लागलं.

नेमका मंगळवार होता आणि महाडला डॉक्टरही होत्या. बाई तरुण होत्या, माझ्यापेक्षा फार तर सात-आठ वर्षांनी मोठ्या. दातांची खुर्ची होती, पण तिचा वरचा दिवा लागत नव्हता. बाईंनी एका हातात आपला मोबाईल धरून त्याच्या उजेडात आबांच्या तोंडात बघितलं. बराच वेळ बघितलं. मग त्या माझ्याशी बोलल्या, कारण आबांना त्या सुजलेल्या ओठांनी नीट बोलता येत नव्हतं.

"मधला दात मेलाय. बाजूचे दोन हलतायत, पण तिन्ही वाचू शकतात. मूळ साफ करून भरावं लागेल, बाजूच्यांना आधार द्यावा लागेल."

"मग करा ना," मी म्हटलं.

"त्याचं मशीन इथं नाही. सामान नाही. इथं मी फक्त दात काढू शकते. ते मात्र मोफत होतं." हे म्हणताना त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. "वाचवायचे असतील तर मुंबईला सरकारी दातांच्या कॉलेजात जा. पाच-सहा फेऱ्या होतील. नाहीतर इथंच बाजारात प्रायव्हेट आहे. पण जे काय ते लवकर करा, सूज डोळ्याकडे चाललीय. आत्ता गोळ्या देते, चारपर्यंत मी आहे."

बाजारातल्या दवाखान्याला काचेचं दार होतं. आत गार होतं आणि भिंतीजवळ माशांची काचपेटी होती. तिथल्या मुलीने फार गोड शब्दांत आकडा सांगितला. वहाणा दाराबाहेर काढल्या होत्या, त्या तिथेच आहेत ना म्हणून आबांनी एकदा वळून बघितलं, थोडा वेळ मासे बघितले आणि मला म्हणाले, "मासं बेस हायत." आम्ही बाहेर आलो. दुपार झाली होती. चालत चालत चवदार तळ्यापाशी गेलो आणि पायऱ्यांवर बसलो. मी वडापाव आणला होता. आबांनी त्यातला वडा बोटांनी मऊ करून थोडा खाल्ला, पाव मला दिला. पाण्यावर ऊन हलत होतं. पलीकडच्या काठावर एक बाई आपल्या लेकराला पाणी दाखवत होती. शहराचा सगळा आवाज तिथे येईपर्यंत मंद झालेला होता आणि मला त्या सुन्न दुपारी असं वाटत होतं की आपण इथेच बसून राहिलो तर चार वाजणारच नाहीत.

"मुंबईला जाऊ या आबा," मी म्हटलं. "मामाकडं राहू."

"मामाच्या खोलीत सा जनं झोपतात." त्यांना एकेक शब्द सुजलेल्या ओठातून बाहेर ढकलावा लागत होता. "आनि गुरांना कोन? पाच-सा येळा कोन जाईल? शिमगा आठ दिवसांवर हाय गो. हे असं घेऊन मी फुकू कसा?"

"काढल्यावर तरी फुकाल का?"

त्यांनी पिशवीतून सनई काढली, फडकं सोडलं, मांडीवर ठेवली. वाजवली नाही. नुसता तिच्या भोकांवरून एकामागून एक अंगठा फिरवला. त्या वेळी मला रडू आलं, आणि राग आला, तो नेमका कुणाचा ते कळेना. आजही तो राग मला त्याच जागी, तळ्याच्या पायऱ्यांवर सापडतो. वाचतील असे दात होते. वाचवायचे कसे ते माहीत असलेली बाई होती. खुर्चीसुद्धा होती.

चारच्या आधी आम्ही परत गेलो. बाईंनी इंजेक्शन दिलं. ते चढेपर्यंत आबांनी खुणेने विचारलं, फुंकायला कधी चालेल? बाईंना कळेना. मी पिशवीतली सनई दाखवली. त्यांचा हात तसाच थांबला. "हे तुम्ही मला सकाळी का नाही सांगितलं?" त्या म्हणाल्या, आणि मग लगेच स्वतःशीच, "सांगून तरी काय झालं असतं म्हणा." मोबाईल त्यांनी माझ्या हातात दिला. मी उजेड धरला आणि तिन्ही दात मी धरलेल्या त्या उजेडात निघाले. आबांनी खुर्चीचा हात घट्ट धरला होता, पण आवाज केला नाही. बाईंनी दात कापसात गुंडाळून त्यांच्या तळहातावर ठेवले आणि म्हणाल्या, "काका, सॉरी." त्या एका शब्दासाठी मी त्यांना अजून मानते.

सूज उतरल्यावर, एका संध्याकाळी, आबा अंगणात उभे राहिले. लहान मुलाचा दुधाचा दात पडला की आपण तो घराच्या कौलांवर टाकतो, नवा येऊ दे म्हणून. आबांनी आपले तिन्ही दात एकेक करून कौलांवर भिरकावले. "नवं येऊ दे रे बाबा!" असं मोठ्याने म्हणाले, बोळक्या तोंडाने, शब्दाशब्दातून हवा सुटत. आय हसायला लागली. हसता हसता पदर तोंडाला लावून खाली बसली आणि मग तिचं हसणं थांबलं तरी खांदे थांबेनात.

त्या शिमग्याला आबांनी सहाणेवर सनई तोंडाला लावली तेव्हा नुसती हवा गेली. ओठ आत गेला, पत्ती निसटली. पुन्हा लावली, पुन्हा हवा. खांदेकरी वाकलेले तसेच. एक पोर हसलं, त्याच्या आईने त्याला चापट मारली. रीत मोडायची नव्हती आणि पालखी तर उठवायला हवी होती. मुंबईहून आलेल्या एका पोराने मोबाईल काढला, "काका, टेन्शन नाय, हाय ना आपल्याकडं," म्हणत लग्नातली सनई लावली आणि मोबाईल माइकपाशी धरला. भोंग्यातून ती सनई आली, गोड, कुठेही न तुटणारी, कुणा तिसऱ्याची. पालखी उठली. नामदेवकाकांनी ढोलाला हात लावला नाही. टिपरी घेऊन नुसते उभे राहिले, आणि आबांकडे बघून म्हणाले, "चल रे, घरी जाऊ." दोघं गेले. देवी आमच्या अंगणात आली तेव्हा आबा बाहेर आले नाहीत, तिला ओवाळायला आय एकटीच होती.

पुढचं वर्ष मी महाडला कॉलेजात. दर मंगळवारी तास संपले की दवाखान्यात जायचे. नवे दात सरकारी दवाखान्यात बसत नाहीत हे बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, तरी मी जायचे. त्या मला चहा पाजायच्या. त्यांची बदली झाली, त्यांच्या जागी कित्येक महिने कुणी आलं नाही, तरीही मी बाकावर थोडं बसून यायचे. शेवटी हिवाळ्यात पोलादपूरला कुठल्याशा संस्थेचं शिबिर आलं. आबांना मी जवळजवळ ओढतच नेलं. गुलाबी लगद्याचा साचा तोंडात घातला तेव्हा त्यांना उमासे आले, डोळ्यांतून पाणी आलं. "तुझ्यासाठी हे, नायतं..." साचा निघाल्यावर ते म्हणाले. दात कधी येतील कुणी नीट सांगेना. मी फोन करत राहिले, सुट्टीत घरी असले की वाडीच्या वरच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या माळावर, रेंज यायची तिथे चढून. तिथे चढताना एकदोनदा धुक्यात मला विचित्र काहीतरी ऐकू आलं. कोल्हं म्हणावं तर कोल्हं नाही, वारा म्हणावा तर वारा पडलेला. घरी येऊन पाहिलं तर खुंटीवर सनई नव्हती. आयला विचारलं.

"असंल कुठंतरी," ती म्हणाली आणि भाकरी उलटली. "गुरं हल्ली आपसूक येतात सड्यावरनं. हाकायला लागत नाय."

मला तेव्हा काही कळलं नाही. माझ्या डोक्यात फक्त दात होते. ते शिमग्याच्या तोंडावर आले, गुलाबी पट्टीवर बसवलेले तीन, पांढरेशुभ्र, आबांच्या बाकीच्या दातांशी अजिबात न जुळणारे. आबांनी ते लावले, आरशात बघितलं. नामदेवकाका म्हणाले, "नवरदेव दिसतोयस रे, आता पोरगी बघायची काय?" मी तर हवेत होते. परीक्षेत पहिली आले असते तरी एवढं वाटलं नसतं.

हे लिहिताना माझी डावीकडची दाढ ठणकते आहे. गेल्या महिन्यात सरकारी दवाखान्यात दाखवून आले. खुर्ची नवी आहे, दिवा लागतो. तरुण डॉक्टर होते, अदबीने बोलले. "मॅडम, काढायची असेल तर आत्ता काढतो. वाचवायची असेल तर बाहेर बघा." मी शिक्षिका आहे, मला बाहेर बघणं परवडेल. पण तिथे माझ्या शेजारी बाकावर कुणीतरी वाडीवरचे आबा बसले होते, गालाला हात लावून, आणि त्यांच्याबरोबर त्यांची मुलगी होती. मी उठून जाताना तिच्याशी बोलायला थांबले आणि तशीच बाहेर पडले.

नवे दात आले त्या शिमग्याला सहाणेवर ऊन उतरलं होतं. खांदेकरी वाकले. वाडी गप्प झाली, आणि मुंबईचा तो पोरगा मोबाईल हातात घेऊन तयारीत उभा होता. आबा पुढे आले. सनई वर उचलली, ओठांपर्यंत नेली आणि थांबले. मला वाटलं, दात टोचत असतील. त्यांनी सनई काखेत धरली, तोंडात दोन बोटं घातली, ते तिन्ही दात पट्टीसकट काढले, आणि सगळ्या वाडीदेखत माझ्यासमोर धरले.

"धर गो."

मी हात पुढे केला. दात ओले आणि गरम होते. मी मूठ मिटली. आबांनी पत्ती तोंडात घेतली, दोन्ही ओठ पार आत ओढून, हिरड्यांवर. गाल फुगले. सूर आला.

तो जुना सूर नव्हता. खालचा होता, घोगरा, त्यात श्वास मिसळलेला होता. सड्यावर धुक्यात ऐकला होता तोच. वर्षभर गुरांमागे, एकटे, कुणाला न सांगता ते दात नसलेल्या तोंडाला सनई शिकवत होते, आणि मी वर्षभर त्यांच्यासाठी दात शोधत होते. नामदेवकाकांनी मान एका बाजूला कलती केली, ऐकलं, आणि ढोल नेहमीपेक्षा संथ धरला. पालखी उठली. आय गर्दीत कुठेतरी माझ्या मागे होती, तिने माझा दंड घट्ट पकडला. मला इतका आनंद झाला होता आणि तळ्यावरचा तो रागही तिथेच होता, दोन्ही एकाच वेळी, आणि एकामुळे दुसरा कमी होत नव्हता.

पालखी पहिल्या अंगणात टेकली तेव्हा मोबाईलवाला पोरगा आबांपाशी आला. "काका, एक नंबर! पन आवाज चेंज झाला ना?"

आबांनी पत्ती ओठांतून काढली, तोंड पुसलं.

"आधीचा सूर माझा होता रे," ते म्हणाले. "हा सरकारी हाय. फुकट मिळालेला."

सगळे हसले. आबाही हसले, बोळकं उघडं टाकून, वर्षभरात पहिल्यांदाच हात आडवा न लावता. मग पत्ती पुन्हा तोंडात गेली, पालखी पुढच्या घराकडे वळली, आणि मी त्यांच्या मागून चालत राहिले, मूठ न उघडता, कारण जेवायच्या वेळी त्यांना दात लागणार होते.